दोन दिवसांची वाळू आणि एका बाळाची पावलं

मे २००७. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातलं कॅन्सस सिटी. तिथलं युनियन स्टेशन १९१४ साली उघडलेलं, मुख्य दालनाचं छत ९५ फूट उंच. त्या स्टेशनात आठ तिबेटी भिक्खू दोन दिवस जमिनीवर मांडी घालून, कमरेतून वाकून रंगीत वाळूचं मंडल, म्हणजे विधीसाठीची ठरलेल्या मापांची आकृती, घालत होते. मंगळवारी दिवसाचं काम आटोपून ते उठले तेव्हा निम्म्याहून जास्त चित्र झालं होतं.

ते गेल्यावर काही वेळाने एक बाई तिथे आली. जवळच्या पोस्टात तिला पार्सलं टाकायची होती. बरोबर एक लहान मूल, पाय फुटल्यावर एका जागी ठरत नाहीत त्या वयाचं. ती तिच्या कामात, आणि मूल वाळूवर. शहरातल्या एका बौद्ध केंद्राच्या लामांनी नंतर सुरक्षा कॅमेऱ्याचं चित्रण पाहिलं. बाळाने मंडलावर चक्क टॅप डान्स केला आणि ते पार मोडून टाकलं, असं त्यांनी सांगितलं. आईने त्याचा हात धरला आणि दोघं निघून गेली.

बुधवारी भिक्खूंनी येऊन पाहिलं तर रंगात रंग मिसळलेले. गटाचे प्रमुख एक गेशे होते. गेशे ही वीसेक वर्षांच्या अध्ययनानंतर मिळणारी पदवी आहे. बातमीदारांशी ते बोलले त्याचा आशय एवढाच होता: काही हरकत नाही, आम्ही खचलो नाही, अजून तीन दिवस हातात आहेत, आता जास्त काम करावं लागेल. आणि आठही जण पुन्हा कामाला बसले.

बातमी जगभर फिरली. वाचणाऱ्यांनी तिच्यातून दोन अर्थ काढले. एक, भिक्खू किती शांत, त्यांना कशाचंच काही वाटत नाही. दुसरा, वाळूचं मंडल शेवटी मोडायचंच असतं, मग बाळाने दोन-चार दिवस आधी मोडलं तर काय बिघडलं? मला हे दोन्ही अर्थ पटत नाहीत. गेशेंच्या बोलण्यातला शेवटचा भागच पाहा: आता जास्त काम करावं लागेल. काहीच बिघडलं नसतं तर जास्त काम कशासाठी? म्हणजे नुकसान झालं होतं, ते त्यांना दिसत होतं, त्यांनी ते अंगावर घेतलं आणि तरीही कुणावर राग धरला नाही. हे तिन्ही एकाच वेळी कसं जमतं, ते समजून घ्यायचं तर आधी ते लोक जमिनीवर नेमकं काय करत होते ते बघावं लागेल.

चिमूटभर वाळूचं काम

तिबेटी भाषेत याला दुल-त्सोन-क्यिल-खोर म्हणतात, म्हणजे रंगीत भुकटीचं मंडल. आपल्याकडे रांगोळी चिमटीतून सुटते. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या फटीवर सगळी कला. तिबेटी भिक्खू बोटांऐवजी चकपुर वापरतात. ही धातूची लांबट, टोकाकडे निमुळती होत गेलेली नळी. तिच्या एका अंगाला ओळीने खाचा असतात. नळीत वाळू भरायची, टोक कागदभर अंतरावर धरायचं आणि दुसऱ्या नळीने किंवा सळईने त्या खाचांवर घासत राहायचं. कंगव्याच्या दात्यांवरून नख फिरवल्यावर येतो तसा क्र-क्र आवाज होतो, आणि त्या थरथरीने वाळू पाण्यासारखी सुटते. हलक्या हाताने घासलं तर कणाकणाने, जोरात घासलं तर धारेने. या दोन चकपुरांची जोडी म्हणजे प्रज्ञा आणि करुणा, असं भिक्खू सांगतात. एकीत वाळू भरलेली असली तरी दुसरी घासल्याशिवाय ती बाहेर पडत नाही.

वाळू म्हणजे बहुधा पांढऱ्या दगडाचा किंवा संगमरवराचा चुरा, वेगवेगळ्या रंगांत रंगवलेला. सुरुवात मात्र वाळूने होत नाही. आधी मंत्रपठण आणि वाद्यं यांनी जागा शुद्ध करतात, मग आखणी. खडू लावलेला दोरा दोन टोकांना ताणून धरायचा, मधे उचलून सोडायचा, की सरळ रेघ उमटते. आपले गवंडी आणि सुतार सूत मारतात अगदी तसंच. मोजमापं परंपरेने ठरलेली असतात, ती पाठ असावी लागतात. कुणाला सुचलं म्हणून एखादी पाकळी वाढवता येत नाही. मग मध्यापासून बाहेर असं भरत जायचं, बहुधा चार बाजूंना चौघे बसून, एकमेकांच्या गतीला धरून. मधे देवता किंवा तिचं चिन्ह, भोवती चार दरवाजांचा प्रासाद, त्याच्या बाहेर कमळाचं, वज्रांचं आणि ज्वाळांचं वर्तुळ. वरून सपाट दिसणारं हे चित्र प्रत्यक्षात एका महालाचा नकाशा आहे. साधक त्या महालात मनाने शिरतो आणि दरवाजे ओलांडत मध्याकडे जातो. कालचक्र या देवतेच्या मंडलात तर ७२२ देवता मानतात.

वाळू कशानेही चिकटवलेली नसते. खोकला आला, शिंक आली, बाही लागली, तरी अर्ध्या दिवसाचं काम जातं. म्हणून कित्येकदा तोंडाला फडकं बांधून बसतात. पाठ, मान, डोळे, सगळ्यांची परीक्षा. दोन दिवस असं काम केल्यावर त्यावर एका बाळाची पावलं उमटलेली बघणं काय असेल, हे दिवाळीत पहाटे उठून दारात मोठी रांगोळी घातलेल्या आणि तिच्यावरून स्कूटर गेलेली पाहिलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

मुंडगोडहून आलेले

हे आठ जण द्रेपुंग गोमांग मठाचे, आणि तो मठ आज आहे कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या मुंडगोडला. बेळगाव-हुबळीकडची माणसं त्या वस्तीला लामा कॅम्प म्हणतात. आपल्याकडे गोंदिया जिल्ह्यात गोठणगावलाही तिबेटी वसाहत आहे, आणि थंडीत शहराशहरांतून लागणारा तिबेटी स्वेटरांचा बाजार तर सगळ्यांनीच पाहिलेला. तेव्हा ही माणसं आपल्याला तशी परकी नाहीत.

मूळ द्रेपुंग ल्हासाजवळचा, १४१६ साली जामयांग छोजे यांनी स्थापलेला. ते तिबेटी बौद्धांच्या गेलुग परंपरेचे संस्थापक चोंखापा यांचे शिष्य. एकेकाळी तो जगातला सर्वांत मोठा मठ मानला जाई. १९५९ साली दलाई लामांना ल्हासा सोडावं लागलं, त्यांच्या मागोमाग हजारो माणसं हिमालय ओलांडून भारतात आली. द्रेपुंग, सेरा आणि गांदेन या तीन मोठ्या मठांच्या भिक्खूंना पश्चिम बंगालच्या बक्सा इथे ठेवलं गेलं. ती ब्रिटिशांच्या काळातली तुरुंगाची जागा. थंड, कोरड्या पठारावरून आलेल्या या लोकांना तिथली दमट हवा मानवली नाही, क्षयाने पुष्कळ माणसं गेली. पण जी उरली त्यांनी तिथेही वादविवादाचे वर्ग आणि ग्रंथांचं पठण चालू ठेवलं. १९६०च्या दशकाच्या अखेरीला द्रेपुंग आणि गांदेन मुंडगोडला आले, सेरा कर्नाटकातच म्हैसूरकडच्या बैलकुप्प्याला. जंगल तोडून, मका लावून, पत्र्याखाली राहून त्यांनी मठ पुन्हा उभे केले.

वाळू मोडल्यावर 'अजून तीन दिवस आहेत' म्हणणारी माणसं या घरातली आहेत. ज्यांचा साडेपाचशे वर्षांचा मठ हातचा गेला आणि त्यांनी तो दुसऱ्या देशात पहिल्या विटेपासून बांधायला घेतला, त्यांच्याकडे पुन्हा सुरू करण्याची सवय आहे. त्या दोन वाक्यांतली शांतता मला तरी एका माणसाच्या स्वभावाची वाटत नाही. ती पिढ्यांनी कमावलेली आहे.

भिक्खू अमेरिकेत गेले होते ते दौऱ्यावर. मुंडगोडचे मठ अनेक वर्षं असे गट परदेशी पाठवतात. गावोगावी मंडल घालायचं, प्रार्थना करायच्या, आणि जमलेल्या देणग्यांतून मठातल्या मुलांचं जेवण, शिक्षण, औषधपाणी भागवायचं. म्हणजे मंडल बघायला येणाऱ्याला भिक्खू काही देतात आणि बघणाराही मठाला काही देतो. यात कमीपणाचं काही नाही. भिक्षापात्राचा व्यवहार बुद्धाच्या काळापासून असाच आहे.

उघड्यावर का बसायचं?

प्रकरणाचा सगळ्यात महत्त्वाचा धागा मला इथे दिसतो. परंपरेने वाळूचं मंडल हे मंदिराच्या आतलं, दीक्षेच्या वेळचं काम. ज्यांना दीक्षा द्यायची त्यांनाच ते दाखवायचं. तिथे पार्सल टाकायला आलेली बाई नव्हती आणि तिचं मूलही नव्हतं. १९८८ साली न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत नामग्याल या दलाई लामांच्या स्वतःच्या मठाच्या भिक्खूंनी कालचक्र मंडल लोकांसमोर घातलं, आणि तेव्हापासून ही कला पाश्चात्त्य देशांत उघड्यावर आली. दलाई लामांच्या संमतीने झालेला हा बदल होता. देश गेला तर निदान त्याची विद्या लोकांच्या डोळ्यांसमोर राहावी, आणि जो बघेल त्याच्या मनात चांगलं काही रुजावं, हा त्यामागचा विचार.

मग संग्रहालयं, विद्यापीठं, रेल्वे स्टेशनं. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यांनंतर जानेवारी २००२मध्ये वॉशिंग्टनच्या सॅकलर गॅलरीत द्रेपुंग लोसेलिंगच्या भिक्खूंनी सात फूट लांबी-रुंदीचं मंडल घातलं. तोही मठ मुंडगोडचाच. त्या हल्ल्यांत गेलेल्यांसाठी आणि घायाळ झालेल्या देशासाठी ते अर्पण केलं होतं. देवता होती अक्षोभ्य. नावाचा अर्थच, ज्याला क्षोभ होत नाही तो. ज्या देशात त्या दिवसांत सूडाची भाषा चालू होती, तिथे ज्यांचा स्वतःचा देश गेलेला आहे अशी माणसं जमिनीवर बसून क्रोध शमवणाऱ्या बुद्धाचं घर वाळूने बांधत होती. करुणेचं कृत्य म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी हे उदाहरण देईन.

पण सर्वांसाठी म्हणून उघड्यावर बसायचं, तर सर्व येणार. कौतुकाने बघणारे येणार, कंटाळून निघून जाणारे येणार, भान नसलेलं माणूस येणार, आणि रंग दिसले की धावत सुटणारं मूलही येणार. तिबेटी लोक ज्या महायान पंथाचे, त्यातली प्रार्थना 'सर्व सत्त्वांसाठी', म्हणजे सगळ्या जिवांसाठी असते. तिच्यातून दोन वर्षांचं मूल वगळता येत नाही. जागा राखायला कुणी ठेवायला हवं होतं का? व्यवस्थेच्या अंगाने पाहिलं तर हो, यजमान जागेने रात्रंदिवस कुणीतरी बसवायला हवं, आणि असं मंडल आपल्या आवारात ठेवणाऱ्या कुणालाही मी हेच सांगेन. पण भिक्खूंनी आपल्या बोलण्यात तो मुद्दा पुढे केला नाही. उघड्यावर बसण्याची किंमत त्यांना आधीपासून माहीत होती.

विसर्जन आणि मोडणं

आता तो दुसरा प्रश्न: शेवटी मोडायचंच होतं ना?

गणपतीच्या घरात वाढलेल्या माणसाला याचं उत्तर लवकर कळतं. अकराव्या दिवशी मूर्ती पाण्यात जाणार हे ठाऊक असतं, तरी ती तिसऱ्या दिवशी हातातून पडली तर कुणी 'काय बिघडलं' म्हणत नाही. विसर्जनाच्या आधी उत्तरपूजा असते, अक्षता टाकून मूर्ती जागेवरून हलवायची असते, पुन्हा येण्याचं आमंत्रण द्यायचं असतं. ते सगळं झाल्यावर जे पाण्यात जातं ते विसर्जन. दोन्ही परंपरा वेगळ्या आहेत आणि त्यांचं तत्त्वज्ञानही वेगळं आहे. बौद्ध मंडलाला गणपतीच्या चौकटीत बसवण्याचा माझा हेतू नाही. विधीची घडण तेवढी सारखी आहे.

मंडल पूर्ण झालं की त्याची प्रतिष्ठा होते, प्रार्थना होतात. मग देवतांची चिन्हं ठरलेल्या क्रमाने उचलतात. प्रमुख भिक्खू वज्राने, म्हणजे विधीतल्या एका छोट्या उपकरणाने, मुख्य रेषा कापतो, कडेकडून मध्याकडे. मग बाकीचे कुंचल्याने वाळू आत लोटत नेतात. ज्या मध्यातून चित्र उमललं होतं तिथेच ते गोळा होतं. सगळे रंग एक होऊन राखाडीसारखा ढीग होतो. त्यातली थोडी वाळू जमलेल्या लोकांना वाटतात. उरलेली कलशात भरून, रेशमी वस्त्रात गुंडाळून, वाजत-गाजत वाहत्या पाण्याकडे नेतात. नदी ती वाळू समुद्राला देईल, समुद्र सगळ्या किनाऱ्यांना, आणि तिच्याबरोबर आशीर्वादही पोचतील, असा भाव. अनित्यतेचा धडा त्यात आहेच, पण लोक बहुतेक वेळा तेवढाच सांगून थांबतात. वाटप हा त्याचा तितकाच मोठा भाग आहे. इतक्या कष्टाने केलेलं कुणा एकाकडे राहू नये, म्हणून ते मोडून सगळ्यांना देतात.

बाळाने जे मोडलं ते या टप्प्याला पोचलेलंच नव्हतं. चित्र अपुरं होतं, प्रतिष्ठा व्हायची होती, वाटायची वाळू अजून प्रसादाची झाली नव्हती. शहरातले लोक शेवटच्या दिवशी येणार होते आणि त्यांच्या हाती द्यायला काही नसतं. म्हणून पुन्हा बसणं भाग होतं. नुकसान खरं होतं ते भिक्खूंचं कमी, येणाऱ्यांचं जास्त. 'आता जास्त काम करावं लागेल' हे वाक्य मी असं वाचतो.

राग कुणावर धरायचा

याच्या सोळा वर्षं आधीचं एक प्रकरण शेजारी ठेवून पाहण्यासारखं आहे. १९९१ साली सॅन फ्रान्सिस्कोत, गोल्डन गेट पार्कमधल्या एशियन आर्ट म्युझियममध्ये नामग्यालच्या भिक्खूंनी कालचक्र मंडल घातलं होतं. एक बाई आरडाओरडा करत थेट त्याच्यावर चढली आणि तिने ते पायांनी तुडवलं. इथे मोडणारी व्यक्ती मोठी होती, त्वेषाने आली होती, भिक्खूंना नावं ठेवत होती. भिक्खूंची प्रतिक्रिया काय होती? आमच्या मनात तिच्याविषयी वाईट भाव नाही, तिच्या मनात काय होतं याचा निवाडा आम्ही करू शकत नाही, तिच्यासाठी प्रार्थना करतो आहोत.

बाळाला क्षमा करणं तसं सोपं आहे. कुणीही करेल. कॅन्सस सिटीच्या बातमीने लोक हसले, कारण मूल गोड होतं. सॅन फ्रान्सिस्कोत हसण्यासारखं काही नव्हतं, आणि तरी उत्तर तेच निघालं. म्हणून मी कॅन्सस सिटीतलं गेशेंचं बोलणं निव्वळ बालप्रेमाच्या खात्यात टाकत नाही.

हे उत्तर कुठून येतं त्याचा पत्ता शांतिदेवांच्या बोधिचर्यावतारात सापडतो. आठव्या शतकात नालंदेत होऊन गेलेला हा आचार्य. तिबेटी मठांत त्याचा ग्रंथ पाठ करतात, शिकवतात. मूळ संस्कृतची एक आवृत्ती आपल्या प. ल. वैद्यांनी संपादित केली, ती १९६० साली दरभंग्याहून निघाली. त्याचं सहावं प्रकरण क्षांतीवर, म्हणजे सहनशीलतेवर आहे. त्यात एक श्लोक नेमका या प्रसंगासाठी लिहिल्यासारखा आहे. जे लोक प्रतिमा, स्तूप आणि सद्धर्म यांचा नाश करतात किंवा त्यांना शिव्या देतात, त्यांच्यावरही मी द्वेष धरणं योग्य नाही, असं तो म्हणतो. कारण त्याने बुद्धांना काही दुखत नाही. त्याच प्रकरणात तो आणखी विचारतो: कुणी काठीने मारलं तर आपण काठीवर रागावत नाही, ती चालवणाऱ्यावर रागावतो. पण तो माणूसही द्वेषाने चालवलेला असतो. मग रागवायचं तर द्वेषावर रागवा.

श्लोक वाचायला सुंदर आहे. पण असा श्लोक पाठ असणं आणि बुधवारी सकाळी समोर मोडलेलं मंडल असताना तो आठवणं यांत मोठं अंतर आहे. ते अंतर कशाने भरून निघतं? माझ्या मते चकपुरनेच. तासन् तास कणाकणाने वाळू सोडताना, शेजारच्या भिक्खूचा वेग सांभाळताना, श्वाससुद्धा जपून घेताना जे मुरतं, ते अशा वेळी उपयोगी पडतं. मंडल हे करुणेचं चित्र आहे असं आपण म्हणतो. घालणाऱ्यासाठी मात्र ती करुणेची तालीम असते. वाळू विस्कटली तरी दोन दिवसांची तालीम हातात शिल्लक राहते. ती बाळाला मोडता आली नाही.

महाराष्ट्रातल्या बौद्धांना हे मंडल कदाचित अनोळखी वाटेल. १९५६ साली बाबासाहेबांनी नागपूरला जी दीक्षा दिली तिच्यात देवतांना, वज्रयानी म्हणजे तिबेटी तांत्रिक बौद्ध विधींना जागा नाही. पण करुणा आणि अनित्यता हे शब्द विहारात दर रविवारी वंदनेला बसणाऱ्या माणसाला नवे नाहीत, आणि स्टेशनातल्या त्या बुधवारी जे दिसलं ते त्याच शब्दांचं आचरण होतं. विधी बाजूला ठेवूनही ते ओळखता येतं.

एक बारीक गोष्ट राहिली. दिवसाचं काम संपलं की भिक्खू असेच उठून जात नाहीत. रीतीप्रमाणे ते परिणामना करतात, म्हणजे आज जे काही पुण्य गाठीला आलं असेल ते सर्व सत्त्वांना देऊन टाकतात. मग चकपुर ठेवायच्या, वाळूचे वाडगे झाकायचे. त्या रीतीने मंगळवारचंही पुण्य वाटून झालेलं होतं, आणि थोड्या वेळाने आईचा हात सोडून वाळूकडे धावणार होतं त्या मुलाचा वाटा त्यात होताच. ते आज विशीत असेल.